शिंगवाली आणि काटकुळा

आमच्या संग्रहालयाच्या कोळी विभागात नवरा-बायको दोघेही शास्त्रज्ञ. आफ्रिकेतून आलेल्या टॅरंटुला कोळ्यांमधली गुबगुबीत, वाळूच्या रंगाची, पाठीवर शिंग असलेली जात मॅडमनी शोधली. काटकुळी, काळपट, बिनशिंगाची जात सरांनी. दोघांनी आपापल्या जातीचं बारसं केलं आणि त्या जोरावर आपापली खुर्ची पटकावली. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत दोघांचा संवाद ठरलेला.

"तुमच्या त्या काटकुळ्याला कुत्रं तरी हुंगतं का?"

"तुझी शिंगवाली बघितली की मला घरी आल्यासारखं वाटतं."

परवा विभागात नव्याने आलेल्या संशोधक मुलीने दोन्ही कोळी तपासले आणि चाचरत सांगितलं, "सर, मॅडम, या दोन जाती नाहीतच. एकाच जातीचे नर-मादी आहेत. नियमाप्रमाणे आता एकच नाव राहील."

म्हणजे दोघांपैकी एकाची आयुष्यभराची कमाई पाण्यात. दोघांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकत्र बसून शोधनिबंध लिहिला.

 

निष्कर्ष एका ओळीचा होता : "इतक्या टोकाच्या वेगळ्या दोन प्राण्यांची जोडी जमणं निसर्गात शक्यच नाही."