उलटी मोजणी

सुतारानं लेकीच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं. मेंदूतल्या गाठीनं तिची नजर नेली, तेव्हापासून हॉस्पिटलात दुपारचा त्यांचा हा अभ्यास चाले. आकृती तो तोंडी सांगे, ती नाव सांगे, मग तो मागची उत्तरं बघे. लेखनिक घेऊन परीक्षेला बसायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"सहा कोपरे," तो म्हणाला. "वर दुहेरी रेघ. तिच्या डाव्या टोकाशेजारच्या कोपऱ्यावर मिथाइल."

"तीन-मिथाइलसायक्लोहेक्झीन."

बरोबर होतं. नियम तिनंच त्याला शिकवला होता. एक आणि दोन हे आकडे दुहेरी रेघेच्या टोकांचे. मग ज्या अंगानं मोजल्यावर मिथाइलसारख्या फांदीला लहान आकडा मिळेल, त्या अंगानं मोजायचं. चुकली की तो गय करत नसे. सूतभर चुकलं तरी दार बसत नाही, म्हणायचा, आणि पहिल्यापासून मोजायला लावायचा. ती कुरकुरत मोजायची.

आज सकाळी डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात बोलावून घेतलं होतं. गाठ पुन्हा वाढली होती. त्यानं परीक्षेचं विचारलं, तर डॉक्टरांनी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो तोंडावर पाणी मारून आत आला होता.

"पाच कोपरे. खाली दुहेरी रेघ. उजव्या टोकाशेजारी इथाइल."

तिनं हवेत बोट फिरवलं. "पाच-इथाइलसायक्लोपेंटीन."

त्यानं मागचं पान काढलं. तिथं तीन होतं. लेक उलट्या अंगानं मोजत गेली होती.

"बरोबर," तो म्हणाला.

खाली अंगणात कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तो आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी मुद्दाम चुकले होते."

त्याच्या बोटांतून पान सुटलं.

सकाळपासून त्याचा आवाज तिला निराळा लागत होता, म्हणून करून बघितलं, असं तिनं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र विचारलं नाही. तिनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि रंध्यानं घट्टे पडलेला तो तळवा बराच वेळ धरून ठेवला.

"पुढची सांगा," ती म्हणाली. "आणि चुकले तर चुकलीस म्हणा. मला अजून परीक्षेला बसायचंय."