फळीला चिकटलेले ग्लास

ग्लास काही केल्या फळीवरून सुटेना. ट्वायलाने एका हाताने कपाट धरलं आणि दुसऱ्या हाताने ग्लास पिळून ओढला. सुटला तेव्हा त्याच्या बुडाला मेणाचा गोळा होता. तेल कंपनीच्या ऑफिसात जमलेले सगळे बघत राहिले.

चहा कोणी मागितला नव्हता. न्यायाधीश आले होते ते भिंती बघायला. पण ओक्लाहोमात आमच्या भागात दारी आलेल्याला बर्फाचा गोड चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ऑफिस सांभाळणारी ट्वायला इथलीच होती.

दावा व्हर्लीन स्टॉट्सचा होता. वय एकाहत्तर, नवरा वारलेला. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी कंपनी तिच्या कुंपणापलीकडच्या खोल विहिरीत पंपाने ढकलत होती. विहीर सुरू झाल्यावर चार महिन्यांनी धरणी हलायला लागली, ती दोन वर्षं हलतच होती. मार्चमध्ये व्हर्लीनच्या घराचं धुराडं स्वयंपाकघरात कोसळलं. विहीर बंद झाली नाही तर घर सोडावं लागणार होतं. टल्सातल्या बहिणीने तिच्यासाठी खोलीही रिकामी करून ठेवली होती. व्हर्लीनला ती खोली नको होती.

कंपनीचे वकील प्रुइट यांचं म्हणणं सरळ होतं. भूकंप हे निसर्गाचं काम, ते होतील हे आधी कोणाला ठाऊक असणार? आणि घराचं म्हणाल तर म्हाताऱ्या माणसाला सुरकुत्या पडतात तशा म्हाताऱ्या घराला भेगा. व्हर्लीनकडे बघतच ते हे म्हणाले होते. त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या आमच्या ऑफिसात एक भेग दाखवा, असं सांगून त्यांनीच न्यायाधीशांना इथे आणलं होतं. भेग खरोखरच नव्हती.

धक्क्याने ग्लास पडू नयेत म्हणून ते मेण होतं. आता सगळ्यांना कपाटंही नीट दिसली. प्रत्येक दाराला खिटी होती. पुस्तकांची मांडणी पट्ट्यांनी भिंतीला आवळलेली होती.

प्रुइट हसले. धक्के बसल्यावर माणूस काळजी घेणारच, असं त्यांनी न्यायाधीशांना समजावलं. गावात कोणाच्या कपाटाला खिटी नाही? खुद्द व्हर्लीनबाईंच्या घरी आहेत.

ते खरं होतं. व्हर्लीनच्या वकिलाने मान खाली घातली. व्हर्लीनने मात्र, ट्वायलाला एक विचारू का, अशी न्यायाधीशांकडे परवानगी मागितली. त्यांनी मान हलवली.

"ट्वायला, छान बसवल्यात गं खिट्या. माझ्या तर दुसऱ्याच धक्क्याला उपटल्या. तू कधी लावून घेतल्यास?"

ऑफिसचा मॅनेजर खाकरला. पण ट्वायला कौतुकाने फुलली होती.

"मी नाही काकू, हेड ऑफिसने. माणसं टल्साहून पाठवली होती. विहिरीत पाण्याचा पहिला थेंब जायच्या आत सगळं घट्ट झालं पाहिजे, असा हुकूमच होता. पत्र अजून आहे माझ्याकडे. काढू?"

न्यायाधीशांनी हात पुढे केला.

संध्याकाळच्या आत पंप थांबला.