झोपेचं सोंग

शर्वाणी पहाटेच आंघोळ करून तयार झाली. आई गेल्यानंतरचा हा पहिला वाढदिवस निमूट उरकून शाळेत पळायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. पण खोलीच्या दारात वर्गातली तूवा उभी. हातातल्या ट्रेमध्ये केक, त्यावर पेटलेली मेणबत्ती.

“उठलीस कशाला? इथं स्वीडनमध्ये वाढदिवसाला गाणं म्हणून उठवतात. जा, झोप!”

“माझी आंघोळसुद्धा झालीय.”

“मग सोंग घे. आम्ही सगळे तेच करतो.”

शर्वाणी पांघरुणात शिरली. तूवा भसाड्या आवाजात, अगदी मनापासून गाऊ लागली. हसू दाबता दाबता शर्वाणीनं डोळे उघडले, तर मागे बाबा. हातात आईचं चांदीचं तबक. निरांजन, कुंकू, अक्षता, सगळं मांडलेलं.

“हे हिची आईच करायची,” ते अवघडून तूवाला म्हणाले. “मला काही नीटसं...”

“मी करते!” तूवानं तबक घेतलंसुद्धा.

“अगं, थांब! झोपलेल्याला ओवाळत नाहीत. शरू, उठून बस.” बाबांना एकेक आठवू लागलं. “आधी कुंकू लाव. आता डोक्यावर अक्षता. हं, तबक असं फिरव.”

तूवानं जीभ दातांत धरून ओवाळलं आणि निरांजन शर्वाणीच्या तोंडाशी नेलं. “मार फुंकर!”

“नाही!” बापलेक एकदम ओरडले, आणि तिघंही खो-खो हसत सुटले.

मग शर्वाणीनं मेणबत्ती विझवली. निरांजन मात्र तिनं खिडकीत नेऊन ठेवलं. बाहेर अजून अंधार होता, आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांतही इथं हिवाळ्यात लावतात तसे दिवे होते.