धुराड्यातला पत्रा

"तो पत्रा बसवलास तर या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," ओल्वेन प्रॉसर मुलाला म्हणाली.

गेथिनचं डोकं धुराड्यात होतं, त्यामुळे ऐकू न आल्याचं सोंग त्याला करता आलं. भिंतीतल्या शेगडीत तो खांद्यापर्यंत शिरला होता. आतल्या विटांवर चारी बाजूंनी लोखंडी अँगल ठोकून झाले होते. आता पत्रा वर सरकवायचा, स्क्रू आवळायचे, कडा सिमेंटने लिंपायच्या, की धुराडं कायमचं बंद.

"आई, सगळी ऊब वर आभाळात जाते," तो आतूनच म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात तू टोपी घालून जेवत होतीस. म्हणून हीटर आणलाय."

"तुझा हीटर घाल चुलीत."

"चूलच बंद करतोय ना."

ओल्वेन शेगडीला खेटून खुर्चीत बसली होती. निखारे ढोसायची सळई तिच्या मांडीवर होती. शेगडी सकाळपासून विझलेली असूनही तिने ती सोडली नव्हती.

तेवढ्यात धुराड्यातून खोकला आला. लांबलचक, ओला, खोलीतच कुणी बसलंय असा. शेजारच्या इडवलचा. दोन्ही घरांची धुराडी एकमेकांना चिकटून वर गेली होती आणि मधल्या विटा कधीच्या निखळल्या होत्या.

"ऐकलंस?" ओल्वेन ताठ बसली. "कालच्यापेक्षा खोल झालाय. तुझ्या बापाचाही शेवटी असाच झाला होता."

गेथिन बाहेर आला. त्याचं तोंड काजळीने काळं झालं होतं आणि राग त्याखालूनही दिसत होता. "म्हणून हे उघडं हवंय तुला? एका म्हाताऱ्याचं खोकणं ऐकायला?"

"म्हातारा नको म्हणूस. फितूर म्हण. तुझा बाप संपावर, तुम्ही पोरं हॉलमध्ये सूपच्या रांगेत, आणि हा दगडांच्या भीतीने जाळी लावलेल्या बसमध्ये बसून खाणीवर कामाला. आपल्याच खिडकीवरून, मान खाली घालून."

"चाळीस वर्षं होत आली त्याला!"

"मग? फितुरी काय पाव आहे, शिळी व्हायला?" तिने सळई फरशीवर आपटली. "तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही. त्याचा खोकला कायमचा थांबेल, ते मला या कानांनी ऐकायचंय. तुझ्या बापाचा थांबलेला ऐकला, याचाही ऐकणार. तेवढं एकच राहिलंय माझं."

"यासाठी जगतेस तू? लाज वाटते मला."

"वाटू दे. बापाची वाटत नाही ना, तेवढं पुरे."

गेथिनने पत्रा उचलला आणि दात-ओठ खात धुराड्यात रेटला. शेवटचे स्क्रू त्याने असे पिळले की लोखंड कुरकुरलं. मग कडांना सिमेंट थापलं, हात पुसले आणि म्हणाला, "झालं. आता बस शांत."

शांत तर झालंच. धुराड्यातला वारा इतकी वर्षं त्या खोलीत कुजबुजत होता हे आत्ता कळलं, कारण तो थांबला. हीटर गुणगुणू लागला. गेथिनने चहा केला आणि आईच्या हातात कप दिला. तिने तो न पिता खाली ठेवला. तिने कान भिंतीला लावला, मग शेगडीत वाकून वरच्या पत्र्याला.

"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"येणारच नाही."

"मग मला कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

ओल्वेन लालबुंद झाली. तिने सळई उचलली आणि शेगडीच्या पाठच्या विटांवर दाणकन हाणली. एकदा, दोनदा, तीनदा.

गेथिनचा कप तोंडाशीच थांबला. खाणकामगारांच्या या आळीत शेगडीची पाठ कुणी गंमत म्हणून ठोकत नसे. बाळंतीण अडली, नवरा खाणीतून आडवा होऊन घरी आला, की बायका सळईने तीनदा ठोकत आणि शेजारचं माणूस हातातला घास टाकून धावत येई. या दोन घरांमधली भिंत मात्र संपापासून कुणी ठोकली नव्हती.

"आई, काय केलंस हे?"

"हाताला सवय," ओल्वेन म्हणाली आणि सळईकडे अशी बघू लागली की जणू दोष त्या लोखंडाचाच.

पुढचं दार धाडकन उघडलं. इडवल उंबऱ्यात उभा होता. अर्ध्या गालावर दाढीचा फेस, पायांत नुसते मोजे, तेही रस्त्यावरच्या पावसाने भिजलेले. दाराची चौकट धरून तो श्वास शोधत होता.

"कुणाला... काय झालं?" एवढंच त्याला जमलं. मग खोकल्याने तो कमरेत दुमडला.

ओल्वेनची नजर त्याच्या पायांवरून गेली, तोंडाकडे तिने पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून खोकला संपेपर्यंत ती थांबली. पुरा संपेपर्यंत.

"गेथिन," मग ती मोठ्याने म्हणाली, "त्याला सांग, इथे कुणालाही काही झालेलं नाही. त्याला कुणी बोलावलं नव्हतं."

गेथिनने कप खाली ठेवला. इडवलने मान हलवली, बाहीने फेस पुसला आणि भिंतीला हात टेकत वळला.

"आणि त्याला सांग, घरी जाऊन आधी मोजे बदल म्हणावं. असली छाती घेऊन पावसात बिनबुटांचा धावतो, अक्कल नाही!"

दार लागलं. ओल्वेनने सळई मुलाच्या हातात कोंबली.

"सिमेंट अजून ओलं आहे," ती म्हणाली. "काढ तो पत्रा."