नोंदलेला आनंद

मुकुंदचं मन खचलं की कानामागचं यंत्र त्याच्या मेंदूला विजेचा प्रवाह पुरवायचं आणि मन फार उसळलं की तोच प्रवाह उलटा ओढून घ्यायचं. आतलं सर्किट त्याच्या मनाची एका नोंदलेल्या आनंदाशी सतत तुलना करी आणि दिसलेला फरक भरून काढी. तो आनंद आठ वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोच्या, शलाकाच्या वेळचा आहे, हे तपासणीत कळलं तेव्हा वैजयंतीचा जळफळाट झाला.

“माझ्याशी लग्न होऊन पाच वर्षं झाली! आत्ताच्या आता नवी नोंद करा,” ती तंत्रज्ञाला म्हणाली आणि तिनं नवऱ्याचा हात घट्ट धरला.

मुकुंदनं डोळे मिटले. तो हळूच हसला.

“वा! जुन्या आणि नव्या नोंदीत तसूभरही फरक नाही,” तंत्रज्ञ कौतुकानं म्हणाला.

“कोण आठवलं?” वैजयंतीनं विचारलं.

मुकुंदनं डोळे उघडले नाहीत. तिनं आपला हात काढून घेतला.