ढील

गळाच्या दोऱ्यावरचा भेंडाचा तुकडा एकदा हलला, पुन्हा हलला आणि गडप झाला. तेरणेच्या डोहावर उकिडवे बसलेले उत्तरेश्वर पाटील ताडकन उठले. काठी त्यांनी दोन्ही मुठींत आवळली. आता हे हिसका मारणार, हे खालच्या अंगाला लुगडी धुणाऱ्या सत्यभामेला ठाऊक होतं. ती त्यांची सून. वैशाखात लग्न होऊन तेरला आली, तेव्हापासून सासऱ्याचा हा खेळ ती पदराआडून बघत होती. दर वेळी मासा लागायचा, सासरा घाईनं ओढायचा आणि रिकामा गळ हवेत उडायचा.

बदली होऊन गेलेल्या एका मुन्सफसाहेबानं पितळी चक्रीची ती काठी पाटलांना भेट दिली होती. त्या दिवसापासून पाटलांना गळाचं वेड लागलं. शेतातून जरा सवड मिळाली की स्वारी डोहावर. निजामाच्या अंमलदारापुढं मान न वाकवणारा हा माणूस रिकाम्या हातानं घरी आला की असा काही हिरमुसायचा, की घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही.

सत्यभामेचं माहेर मांजरेकाठचं. मरळ माशाची खोड तिला पाठ होती. मरळ आधी गळाला लावलेला बेडूक नुसता तोंडात धरते, मग आडोशाला नेते आणि सावकाश गिळते. तेवढा वेळ कळ काढायची. एवढंच तर होतं! पण सांगणार कसं? सासऱ्यापुढं सुनेनं ब्र काढायचा नाही, ही त्या घरची रीत. पाटलांनी तिचा आवाज अजून ऐकलाच नव्हता. दिवाळीला माहेरी जायचं राहिलं, तेव्हासुद्धा ती चुलीपुढं बसून मुक्यानंच रडली होती.

पाटलांचे खांदे मागं गेले.

"थांबा! आत्ता वडू नगा!"

 शेजारच्या शांताक्काचं धुणं हातातच राहिलं. सासू लक्ष्मीबाईंनी कपाळाला हात लावला. ओरडलो ते आपणच, हे सत्यभामेला जरा उशिरानंच कळलं. पण पाटील थांबले होते. काठी धरून, मागं न बघता, जागच्या जागी.

"दोरा सरकतुया न्हवं? सरकू द्या. गिळू द्या तिला." सत्यभामेची नजर दोऱ्यावर खिळली होती. "आता! मारा हिसका!"

हिसका बसला. काठी पार वाकली. चक्री करकरत फिरली आणि मासा डोहाच्या मध्याकडं सुसाट निघाला. पाटलांनी पाय रोवले आणि बैलाचा कासरा खेचावा तसं ओढायला लागले.

"ढील द्या मामा, ढील द्या! तुटंल!"

ओलं लुगडं खडकावर टाकून सत्यभामा काठानं धावत सुटली. पदर कुठं गेला, तिचं तिला भान नव्हतं. "दमली बघा. गुंडाळा आता. लव्हाळ्यात शिरू देऊ नगा. अलीकडं घ्या, अलीकडं!"

"घेतो की गं, घेतो!" पाटील ओरडले.

गुडघाभर पाण्यात उतरून तिनं कल्ल्यांत बोटं घातली आणि हातभर लांब मरळ उचलून खडकावर टाकली. मरळ तडफडली, पाणी उडालं, घाटावर हसण्याचा कल्लोळ झाला. "आमच्यात मासा चालत न्हाय," शांताक्का डोळे पुसत म्हणाली, "पर बघायला कुणाची चोरी हाय?"

मग सत्यभामेला पदर आठवला. तो तिनं घाईनं डोक्यावर ओढला.  मरळ आणि काठी उचलून पाटील तडक घराकडं चालू लागले.  घरी आल्यावर ओसरीत बसले, पाणी प्याले आणि त्यांनी मुलाला हाक मारली.

"बब्रुवाना, गाडी जुंप. सूनबाईला माहेरी न्यायचंय."

दाराआड उभ्या सत्यभामेनं चौकट घट्ट धरली. माहेराला तर ती आसुसलेली होती. पण असं? सासऱ्यावर ओरडली म्हणून घालवून दिलेली? वडिलांना, आबांना काय तोंड दाखवायचं?

लक्ष्मीबाई पुढं झाल्या. "अवो, ल्हान हाय पोर. बोलली चुकून. पदरात घ्या एवढ्या डाव."

"चुकून?" पाटील उठून उभेच राहिले. "अगं, ती बोलली म्हनून तर मरळ गावली! गाडीत मीबी बसनार हाय. ज्यानं लेकीला एवढं शिकीवलं, त्यो बाप केवढा असंल! चार दिस ऱ्हातो आन् व्याह्याच्या पायाशी बसून सगळं शिकून घेतो."

सत्यभामेला हसू आवरेना. दाराआडून ती म्हणाली, "मामा, आमच्या आबांना पान्याचं लई भ्या वाटतंय. मला आईनं शिकीवलंय."

पाटलांचा चेहरा पडला. विहीणबाईंच्या शेजारी डोहावर जाऊन बसायचं? गाव काय म्हणेल, आणि विहीणबाई तरी काय म्हणतील? दारात बैल धरून उभा असलेला बब्रुवान बापाकडं बघत राहिला.

लक्ष्मीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, नवऱ्याच्या हातातून पितळी चक्रीची काठी काढून घेतली आणि पायरी उतरून सरळ गाडीकडं निघाल्या.

"तुमी ज्वारी राखा," त्या म्हणाल्या, "शिकायला मी जाते."