एकवीस चिठ्ठ्या

नेरच्या शिलाई युनिटमध्ये मुख्य कार्यालयाने नवी योजना पाठवली होती. महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी कोण, हे कामगारांनीच चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. व्यवस्थापक चारुदत्त यांनी डबा उघडला. एकवीस बायकांच्या एकवीस चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं, नाजिया.

आईच्या आजारपणामुळे नाजिया अडीच महिने कामावर आलेली नव्हती. सोमवारी तिच्या जागी दुसरी बाई घ्यायचं ठरलं होतं.

त्यांनी सगळ्यांत जुन्या आयशाबींना आत बोलावलं.

"आयशाबी, ही काय थट्टा आहे? जी येतच नाही, ती उत्कृष्ट?"

"थट्टा कायले करू साहेब? कॉलर नीट बसली नाई की आमी अजूनबी तिलेच फोन लावतो. दवाखान्यात बसून सांगते बिचारी."

"मग परत आली की द्या तिला मतं."

"तवापर्यंत तिचं मशीन राह्यलं पाहिजे ना! तुमच्याच कागदात लिवलं हाये, जिचा नंबर लागते तिचा फोटो महिनाभर तिच्या मशीनवर राह्यते. आता फोटोखाली दुसरी बाई कशी बसवान तुमी?"

चारुदत्त यांनी योजनेचा कागद पुन्हा वाचला. मग सोमवारच्या नेमणुकीचं पत्र फाडलं.

"तिचा एखादा चांगला फोटो मिळेल का कुणाकडे?"

आयशाबींनी पिशवीत हात घातला. फोटो त्यांनी फ्रेम करूनच आणला होता.